सुई बदलता येते, तबकडी नाही : रेकॉर्ड प्लेअरची निगा

एखादा माणूस तेच तेच बोलायला लागला की आपण म्हणतो, ‘याची पिन अडकली.’ ज्यांनी आयुष्यात रेकॉर्ड प्लेअरला हात लावलेला नाही, ती मुलंसुद्धा हे सहज म्हणतात. वस्तू घरातून गेली, शब्दप्रयोग राहिला. पण गेल्या काही वर्षांत वस्तूही परत येऊ लागली आहे. कुणी माळ्यावरचा आजोबांचा प्लेअर खाली काढलाय, कुणी नवीन घेतलाय, कुणी जुन्या बाजारातून उचलून आणलाय. म्हणून आजचा विषय ठरवला : रेकॉर्ड प्लेअर आणि त्याची सुई यांची निगा.

सुरुवातीला आमचीच एक चूक सांगतो. आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमून जुन्या तबकड्या ऐकतो. सुरुवातीच्या काळात एक गृहस्थ त्यांच्या आजोबांच्या नाट्यपदांच्या तबकड्या घेऊन आले. आमच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता, पण सुयांच्या डबीत चारपाचच सुया उरल्या होत्या. म्हणून आम्ही काटकसर केली आणि एकाच सुईवर सहासात बाजू वाजवल्या. शेवटच्या तबकडीनंतर सुई उचलली तर तिच्या टोकाशी राखाडी भुकटी जमलेली. आम्हाला वाटलं धूळ आहे, फुंकर मारून उडवली. ती धूळ नव्हती, ती त्या तबकडीचीच भुकटी होती. पुढच्या वेळी तीच बाजू लावली तर गाण्यावर एकसारखी खरखर. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, तबकडी कागदात गुंडाळून घेऊन गेले. तेव्हापासून आम्ही हा विषय नीट शिकायला घेतला. आज सांगणार आहोत ते सगळं त्या एका गोष्टीभोवती फिरतं : सुई ही संपणारी वस्तू आहे आणि ती वेळेवर संपू द्यायची असते. ती वाचवायला गेलं की तबकडी संपते.

सुई नेमकं काय करते

तबकडीवर एकच लांबलचक चर असते, बाहेरून सुरू होऊन गोल गोल आत जाणारी. तिच्या दोन भिंतींवर गाण्याची कंपनं नागमोडी वळणांच्या रूपात कोरलेली असतात. सुई त्या चरीत बसते, भिंतींच्या वळणांनी हलते आणि त्या हालचालीचा आवाज होतो. चावीच्या ग्रामोफोनमध्ये सुई थेट एक पातळ पडदा हलवते आणि कर्णा तो आवाज मोठा करतो. विजेच्या प्लेअरमध्ये सुई एका बारीक दांडीच्या टोकाला असते. दांडीच्या हालचालीतून कार्ट्रिज विजेचा क्षीण प्रवाह तयार करतं आणि ॲम्प्लिफायर तो वाढवतो.

आता एक हिशेब करू. एलपीची एक बाजू २० मिनिटांची धरा. मिनिटाला ३३ १/३ फेरे, म्हणजे साधारण ६६७ फेरे. बाहेरचा फेरा मोठा, आतला लहान. सरासरी एक फेरा ६५ सेंटीमीटरचा धरला तर सुई एका बाजूला सुमारे ४३० मीटर चालते. ५०० तास वाजवलं की झाल्या १५०० बाजू, म्हणजे जवळजवळ साडेसहाशे किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. म्हणजे मुंबईहून निघालेली सुई नागपूरच्या अलीकडे पोचली, आणि तीही सगळा वेळ घासत. टोक हिऱ्याचं असलं तरी ते झिजणारच.

हिऱ्याच्या सुईचं आयुष्य बनवणारे साधारण ५०० ते १००० तास सांगतात. टोकाच्या आकारावर आणि आपण किती स्वच्छ तबकड्या वाजवतो यावर ते कमीजास्त होतं. जुन्या प्लेअरमध्ये पुष्कळदा हिऱ्याऐवजी नीलमण्याची, म्हणजे सफायरची सुई असते. तिचं आयुष्य फार तर पन्नासेक तास. माळ्यावरून काढलेल्या प्लेअरमध्ये कोणती सुई आहे आणि ती किती चालली आहे हे सहसा कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून आमचा पहिला नियम : जुना प्लेअर सापडला, तर त्यावर घरातली चांगली तबकडी लावायची नाही. आधी सुई बदलायची, मग ऐकायचं.

सुई चालली नसली तरी जुनी होते, हेही लक्षात ठेवा. दांडी ज्या बारीक रबरात बसवलेली असते ते रबर वर्षानुवर्षांत कडक होतं. मग दांडी हवी तशी हलत नाही आणि टोक चरीच्या भिंतींना हिसके देतं. तीस-चाळीस वर्षं दुकानात पडून राहिलेली ‘कोरी’ सुई म्हणूनच जपून घ्यावी.

दोन प्रकारच्या तबकड्या, दोन प्रकारच्या सुया

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश बघू.

मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची असते. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळून ती बनवत. हे मुद्दाम केलेलं होतं. पोलादी सुई मऊ, तबकडी खरबरीत. पहिल्या काही फेऱ्यांतच सुई घासून चरीच्या आकाराची होते आणि नीट बसते. बाजू संपेपर्यंत मात्र ती इतकी झिजते की तिच्या कडा धारदार होतात. ७८च्या एका बाजूला सुई साधारण सव्वाशे मीटर चालते आणि तेवढंच त्या पोलादाचं आयुष्य. म्हणून एक बाजू, एक सुई. पूर्वी सुया शंभर-दोनशेच्या डब्यांत विकत, त्याचं कारण हेच. आम्ही काटकसर केली ती नेमकी इथे.

१९४८ मध्ये अमेरिकेत एलपी आली. ती व्हिनाइलची, म्हणजे प्लास्टिकची. तिची चर ७८च्या चरीपेक्षा कितीतरी अरुंद. ७८च्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ७५ मायक्रॉन असते, तर एलपीच्या साध्या गोल टोकाच्या सुईची १५ ते १८ मायक्रॉन. म्हणजे चौपटीहून जास्त फरक. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या एलपी आल्यानंतरही बरीच वर्षं निघत होत्या, म्हणून मराठी घरांत एकाच कपाटात दोन्ही सापडतात.

एलपीची सुई ७८च्या चरीत टाकली तर ती तळाशी जाऊन बसते. भिंतींना धड टेकत नाही, तळातली वर्षानुवर्षांची धूळ मात्र खरवडते. गाणं दुरून आल्यासारखं आणि खरखर जवळून. उलट ७८ची जाड सुई एलपीवर टाकली तर ती चरीत उतरतच नाही, वरच्या कडा खरडत जाते. आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी तर कधीही लावू नका. तिथे सुईवर शंभर ग्रॅमच्या आसपास भार असतो, व्हिनाइलसाठी लागतो दोन-तीन ग्रॅम. एकदा वाजवली की ती एलपी गेली.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या सूटकेससारख्या प्लेअरमध्ये बऱ्याचदा उलटता येणारी सुई असते. छोटी पट्टी फिरवली की एका बाजूला एलपी-४५ची सुई, दुसऱ्या बाजूला ७८ची. तबकडी ठेवण्याआधी कोणती बाजू खाली आहे ते बघण्याची सवय लावून घ्या. नव्या प्लेअरला ७८चा वेग असला तरी सुई सहसा फक्त एलपीचीच येते. ७८साठी वेगळी सुई मागून घ्यावी लागते.

सुई झिजली हे कसं ओळखायचं

नवी सुई टोकाला गुळगुळीत, गोल असते. झिजताना ती भिंतींना टेकते त्या दोन बाजू सपाट होतात. सपाटीला कडा येतात आणि सुई पटाशीसारखं काम करू लागते. आवाजातले बारीक तपशील हे भिंतींवरचे सगळ्यात नाजूक वळसे, आणि पटाशी आधी तेच तासते.

कानाला हे आधी ‘स’ आणि ‘श’मध्ये कळतं. ते फाटतात, थुंकी उडाल्यासारखे येतात. आणि ते आधी तबकडीच्या आतल्या भागात कळतं. एलपीच्या बाहेरच्या फेऱ्यात चर सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर वेगाने जाते, अगदी आतल्या फेऱ्यात जेमतेम २०. तेवढंच गाणं कमी जागेत कोंबलेलं असतं. आता आपल्या संगीताकडे बघा. ख्यालाची एक पूर्ण बाजू असेल तर विलंबित बाहेर असतं आणि द्रुत, तिथल्या ताना, तिथला तबला, सगळं आत. म्हणजे गाण्यातला सगळ्यात दाट भाग नेमका अवघड जागी. ‘बुवा शेवटी जरा खरखरीत गातात’ असं वाटलं, तर बुवांना दोष देण्याआधी सुई बघा.

शंका आली तर सुई काढून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघता येते. मोबाइलला लावायचं भिंगही चालतं, पण त्यात मोठी झीजच दिसते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वही. सुई बदलली ती तारीख प्लेअरच्या झाकणाच्या आत चिकटवा आणि अंदाजे तास मोजा. रोज एक तास ऐकत असाल तर ५०० तास दीड वर्षाच्या आतच भरतात. बहुतेक कार्ट्रिजची सुई हलकेच ओढली की निघते आणि नवी तशीच बसते. कार्ट्रिजवरचा क्रमांक लिहून घ्या, त्याच क्रमांकाची सुई मागवा.

भार : जास्तही नको, कमीही नको

पिन अडकली की पूर्वी घरोघरी एक उपाय होता : टोनआर्मच्या टोकावर चाराण्याचं नाणं. जुनं चाराण्याचं नाणं साधारण अडीच ग्रॅमचं. सुईला अडीच ग्रॅम हवे असतील तर नाण्याने भार दुप्पट केला. पिन पुढे सरकते, पण चर खोल खरवडत. अडकण्याचं खरं कारण तसंच राहतं. ते बहुधा चरीतली घाण, सुईवरचा लोकर झालेला गुंता किंवा टोनआर्मच्या धुरीतला अडथळा असतं.

उलटी चूकही होते. ‘कमी भार म्हणजे कमी झीज’ असं वाटून भार फार हलका ठेवला तर सुई चरीत उड्या मारते आणि दर उडीला भिंतीवर आपटते. त्यानेही तबकडी खराब होते. म्हणून कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितलेलाच भार ठेवायचा. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला साधारण दीड ते अडीच ग्रॅम, काही साध्यांना तीन-साडेतीन ग्रॅम आणि जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजला त्याहून जास्त लागतो.

मागचं वजन फिरवता येत असेल तर आधी टोनआर्म तराजूच्या दांडीसारखा हवेत आडवा तरंगू द्या, तिथे आकडा शून्यावर आणा आणि मग हवा तेवढा भार द्या. सुईचा भार मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घेतलाच पाहिजे. टोनआर्मला आत ओढणाऱ्या बलाला तोलणारं अँटी-स्केटिंगचं बटण असेल तर साधारण तोच आकडा तिथेही ठेवा.

सुई आणि तबकडी पुसणं

बोटाने सुईवरची धूळ काढणं ही आपल्या सगळ्यांची जुनी सवय. ती सोडा. बोटाचं तेल सुईला लागतं आणि दांडी वाकू शकते. बारीक केसांचा ब्रश घ्या, आवाज बंद करा आणि फक्त मागून पुढे, म्हणजे टोनआर्मकडून आपल्याकडे फिरवा. तबकडीही सुईखालून त्याच दिशेने सरकते. आडवं किंवा उलटं कधीच नाही. दर दोनचार बाजूंनंतर एवढं केलं तरी पुरे. चिकट थर बसला असेल तर ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदी किंचित ओलावा चालतो, पण तो दांडीच्या मुळाशी जाऊ द्यायचा नाही. तिथलं रबर आणि गोंद दोन्ही बिघडतात.

आता तबकडी. इथे एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा : लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावायचं नाही. सुतार लाकडाला पॉलिश करतो तेव्हा काय करतो? चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो. तुमची ७८ची तबकडी त्याच लाखेची आहे. स्पिरिटचा बोळा फिरवला की चकाकी जाते, पांढुरके डाग पडतात आणि चरीतलं गाणं विरघळतं. आमच्यातल्या एकाने हे केलेलं आहे, म्हणून इतक्या जोरात सांगतो. लाखेच्या तबकडीला कोमट नको, साधं पाणी, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड. चरीच्या दिशेने गोल पुसायचं, स्वच्छ पाण्याने साबण काढायचा, मधलं लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच टिपून वाळवायची. तडा गेलेली असेल तर पाणी आत शिरू शकतं, तेव्हा फक्त कोरडा ब्रश.

व्हिनाइलला ऊर्ध्वपातित पाणी उत्तम. नळाचं पाणी वाळलं की क्षार चरीत राहतात. रोजच्या रोज धुवायची गरज नाही. वाजवण्याआधी कोरडा मऊ ब्रश फिरवला तरी निम्मं काम होतं.

वेग, रबर आणि पावसाळा

वेग तपासायला पट्ट्यांची गोल चकती मिळते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून विजेवर लुकलुकणारा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. त्या उजेडात ३३ १/३ वेगाला १८० पट्ट्यांची आणि ७८ला ७७ पट्ट्यांची ओळ स्थिर दिसली की वेग बरोबर. काही एलईडी दिवे लुकलुकत नाहीत, त्यांच्याखाली हे जमणार नाही.

अमेरिकेतून कुणी जुना प्लेअर आणला असेल तर सांभाळा. तिथे वीज ६० हर्ट्झची. विजेच्या लयीवर फिरणारी जुनी मोटर इथे एकषष्ठांशाने हळू फिरते आणि सूर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्त उतरतो. काळी एकचा षड्ज खाली साधारण काळी पाचवर येतो. व्होल्टेज बदलणारा डबा लावला तरी हे दुरुस्त होत नाही.

रबराचा पट्टा सैल झाला की सूर डगमगतो. पट्टा बदला, ताणून बसवू नका. जुन्या प्लेअरमध्ये पट्ट्याऐवजी रबराचं चाक असतं. वाजवून झालं की वेगाचं बटण मधल्या मोकळ्या जागी ठेवा, नाहीतर चाकाला एकाच ठिकाणी खाच पडते आणि दर फेऱ्याला ‘धक् धक्’ ऐकू येतं. धुरीला हलक्या मशीन तेलाचा एखादा थेंब चालेल, रबराला तेल अजिबात नको.

आणि आपला पावसाळा. कोकणात, मुंबईत तबकडीवर आणि कागदी पाकिटावर बुरशी धरते. तबकड्या उभ्या ठेवा, एकमेकींवर रचू नका, भिंतीला चिकटवून किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. जुनी आतली पाकिटं बदला, पण बाहेरचं पाकीट, त्यावरची नावं आणि क्रमांक जपा. तबकडी कुणाची, हे पुढच्या पिढीला त्यावरूनच कळणार आहे.

शेवटचा प्रश्न

व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं, ‘आमच्याकडच्या ७८च्या तबकड्या घासून घासून पांढऱ्या पडल्यात. आता त्या टाकूनच द्यायच्या का?’ बहुतेकांच्या मनात हाच प्रश्न असेल.

टाकू नका. पोलादी सुयांनी चरीची भिंत एका ठराविक उंचीवर झिजवलेली असते. तिच्या वर किंवा खाली भिंत अजून शाबूत असू शकते. जुन्या तबकड्यांचं डिजिटल रूपांतर करणारे लोक म्हणूनच वेगवेगळ्या जाडीच्या सुया बाळगतात. थोडी जाड किंवा थोडी बारीक सुई लावून न झिजलेल्या उंचीवरून गाणं काढतात. खरखरीखाली गेलेला आवाज पुष्कळदा परत मिळतो. आमच्या त्या गृहस्थांच्या तबकडीचंही पुढे तसंच झालं. सगळं नाही, पण पद ओळखू येण्याइतकं परत आलं. त्यांनी ते मुलांना पाठवलं.

अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये. त्यांचं गाणं आज आपण ऐकतो ते कुणीतरी जपलेल्या लाखेच्या तबकड्यांमुळे. सगळ्यांची गाणी अशी पुन्हा निघालेली नाहीत. एखाद्या कमी प्रसिद्ध गायिकेची, गावच्या भजनी मंडळींची, नाटक कंपनीतल्या दुय्यम नटाची तबकडी कदाचित तुमच्याच कपाटात असेल आणि तिची दुसरी प्रत कुठे आहे हे कुणाला माहीत नसेल. म्हणून घरी गेल्यावर आधी सुई बघा. झिजलेली वाटली तर नवी येईपर्यंत प्लेअर बंद ठेवा. इतकी वर्षं थांबलेलं गाणं आणखी आठवडाभर थांबेल.